टाकीवरच्या खडूच्या रेघा

नंदुरबारच्या बसस्टँडसमोर एक मोठा फलक लागलेला मी सुट्टीवर आलो तेव्हा पाहिला. पिवळी टोपी घातलेला पोरगा, मागे समुद्र, समुद्रात तेलाचा मनोरा, आणि खाली ‘मायनिंग व पेट्रोलियम टेक्नॉलॉजी, आजच प्रवेश घ्या’. त्या पोराच्या अंगावर एक डाग नव्हता. मी सव्वीस वर्षं जमिनीवरच्या अशाच मनोऱ्यावर, म्हणजे रिगवर, काढली. डाग नसलेला कपडा मी तिथे फक्त चौकशीला आलेल्या साहेबांच्या अंगावर पाहिला.

त्या फलकासमोर उभं राहून मला जो संताप आला तो कोर्सचा नव्हे. कोर्स चांगला आहे. माझ्या नशिबात तो असता तर मी आज कुठे असतो, हा हिशोब मी रोज मनात करून पाहतो. संताप आला तो त्या फलकावर काय काय लिहिलेलं नाही याचा. दिवाळी अंकाच्या संपादकांनी “तुमच्या कामाबद्दल लिहा” म्हटलं, तेव्हा ठरवलं की जे फलकावर नाही तेच लिहायचं. मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आमचं गाव धानोऱ्याच्या बाजूला. घरची शेती होती, पण चार भावांत ती कुणा एकाच्या पोटापुरती नव्हती. मी सोळाचा असताना कापसाच्या शेतांतून लाल तारा टाकत एक सर्वेक्षणाची टोळी आली. जमिनीला हादरे द्यायचे, ते परत वर कसे येतात ते मोजायचं, त्यावरून खाली तेल आहे का ते ओळखायचं. तारा उचलायला माणसं लागत होती. मी गेलो. आमच्याकडे त्यांना काही सापडलं नाही. टोळी निघाली तसा मीही तिच्या मागे निघालो, तो राजस्थानच्या वाळूत येऊन थांबलो.

तिथे मला वर्मासाहेब भेटले, रिगचे इंजिनिअर. त्यांच्याबद्दल मला पुढे वाईट लिहायचं आहे, म्हणून चांगलं आधी लिहितो. तारा ओढणाऱ्या पोराला रिगवर त्यांनी घेतलं. इंग्रजी आकडे, दाबाचे काटे, मड नावाच्या चिखलाचं वजन कसं काढायचं, हे सगळं त्यांनी स्वतः शिकवलं. माझी आई गेली तेव्हा वरच्यांना न विचारता मला गाडीत बसवून दिलं. सणाला घरी फोन केला की मी त्यांच्या बायकामुलांची खुशाली आधी सांगायचो. माझी बायको म्हणायची, “तू त्यास्ना घरना शे का आमना?”

आता रिगचं काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तेलाची विहीर म्हणजे बादलीभर रुंद पण दोन-तीन किलोमीटर खोल भोक. कायद्यानं ती खाणच. म्हणून तर खाणकाम आणि पेट्रोलियम एकाच कोर्सात शिकवतात. शिकलेली पोरं पुढे कोळशाच्या खाणीवर जातात, नाहीतर आमच्यासारखी रिगवर येतात. कुणी मडचा इंजिनिअर होतो, कुणी सिमेंटचा, कुणी सुरक्षेचा, आणि शेवटी शिफ्टचा इन्चार्ज. पण नुसत्या डिप्लोम्यावर कुणी कुणाला रिग देत नाही. आधी वर्षभर प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो, मग परीक्षा. त्या दाखल्याशिवाय डिप्लोमा म्हणजे घराच्या भिंतीवरची फ्रेम. हे त्या फलकावर नाही.

विहीर नेहमी मडनं भरलेली ठेवायची. मड म्हणजे औषधं घातलेला जड चिखल. त्याच्या वजनाखाली खालचा वायू दबून राहतो. पाइप बाहेर काढला की त्याच्या लोखंडाएवढी जागा रिकामी होते, तेवढं मड विहिरीत ओतायचं. ते एका छोट्या टाकीतून जातं. टाकीत तरंगता डबा, डब्याला दोरी, दोरीला काटा, आणि बाहेरच्या फळीवर तो काटा सरकतो. दर पाच उभ्या पाइपांमागे विहिरीनं किती मड घेतलं ते बघायचं. दर वेळी सारखंच घेतलं तर ठीक. कमी घेतलं, म्हणजे आमच्या मडची जागा खालून कुणीतरी पटकावली. तो वायू असतो. तो वर आला तर रिग पेटते आणि माणसं पेटतात.

हे सगळं एका कागदावर लिहायचं असतं. त्याला ट्रिपशीट म्हणतात. शिकलेल्या माणसाला त्यासाठीच ठेवलेलं असतं.

मी कागद भरत नव्हतो. फळीवर खडूनं खुणा करायचो.

एस्तेर रिगवर आली ती माझ्यामुळे. तिचे वडील याकूबभाई नवापूरच्या डोंगरातले, अगदी गुजरातच्या हद्दीला लागून. स्वतःची थोडी जमीन कसून झाली की बायकोपोरांना घेऊन आमच्याकडे मिरची तोडायला आणि ज्वारी काढायला यायचे. आमच्या शेतात किती हंगाम आले असतील, मोजलेले नाहीत. मी सुट्टीवर होतो तेव्हा ते मुद्दाम धानोऱ्याच्या बाजारात मला शोधत आले.

“भाऊ, पोरगी डिप्लोमा झाली. आता तुमच्या राजस्थानातून पत्र आलं, एक वर्ष ट्रेनिंग. पाठवू का? एकटी पोरगी, तुम्हीच सांगा.”

मी छाती पुढे काढून सांगितलं, “पाठवा. मी आहे तिथे.”

मी आहे तिथे! काय होतो मी तिथे? ठेकेदाराचा मड टाकीवरचा माणूस. पण त्या दिवशी बाजारात मी मोठा साहेब झालो होतो.

एस्तेर आली. बावीस वर्षांची, बारीक, बोलायला तिखट. नवापूर पोल्ट्रीसाठी ओळखलं जातं, म्हणून रिगवरच्या पोरांनी पहिल्याच दिवशी चिडवलं, “नवापूरवाली? फिर मुर्गी कब खिलाएगी?” ती म्हणाली, “पहले अपने जूते धो, फिर सोचूँगी.” तेव्हापासून पोरं तिला ‘मॅडमजी’ म्हणायला लागली, आणि त्यातली थट्टा हळूहळू गेली.

पण तिचं वर्ष जात होतं कुठे? कार्यालयाच्या केबिनमध्ये. रोजचा अहवाल टाइप कर. जेवणाच्या यादीचा ईमेल कर. साहेबांच्या पोराच्या शाळेचा फॉर्म भर. तीन वर्षं खडकाचे थर, दाबाची गणितं आणि मडची रसायनं शिकून आलेली पोरगी, आणि तिच्या हातात जेवणाची यादी! मी वर्मासाहेबांना एकदा भीत भीत म्हटलं, “साहेब, तिला टाकीवर द्या ना थोडे दिवस.”

“अरे भटू, लड़की है. फिसलेगी तो जवाब कौन देगा?”

मी “जी साहेब” म्हणालो. सव्वीस वर्षांत मी हे दोन शब्द किती वेळा बोललो असेन. त्या वेळचे मला अजून टोचतात.

ती स्वतःच यायला लागली. जेवणाच्या सुट्टीत, टाइपिंग संपलं की. टाकीच्या शिडीवर उभी राहून माझ्या खुणा बघायची, खिशातल्या वहीत उतरवायची. पहिल्या दिवशी फळीकडे बघून खुदकन हसली. “काका, तुम्ही इथेपण खळंच मांडलं का?” मी म्हटलं, “गप. साहेबाले सांगू नको.”

ज्या दिवशी ते घडलं, त्या सकाळी पाइप बाहेर काढायचे होते. काम सुरू होण्याआधीच वर्मासाहेबांनी एस्तेरला ट्रिपशीट दिली. आकडे आधीच भरलेले होते. मागच्या खेपेच्या शीटवरून उतरवलेले, सगळे रकाने शेवटापर्यंत. हे नवीन नव्हतं. आकडे दर वेळी सारखेच येतात, मग बसून भरून टाकायचे. शिकलेल्या माणसांनी शोधून काढलेली सोय आहे ही. मला तर वाटतं, अडाणी माणसाला हे सुचलंच नसतं. त्याला काट्याकडे बघावंच लागतं.

“साइन करो,” साहेब म्हणाले. “ट्रेनी को भी तो सीखना है.”

तिनं सही केली. ही तिची चूक. ती आजही ते नाकारत नाही. वर्षाचा दाखला ज्यांच्या हातात, ते समोर पेन धरून उभे. मी तिच्या जागी असतो तर वाचलंही नसतं.

अकराच्या सुमारास ऊन तापलं होतं. चाळीस पाइप बाहेर आले होते आणि पाइप ओढणारं यंत्र चालवणारा ड्रिलर घाई करत होता. पाइप घाईनं ओढला की पिचकारीचा दट्ट्या ओढावा तसा खालचा वायू वर खेचला जातो. आठव्या मोजणीला मी खूण केली तेव्हा ती आधीच्या खुणेच्या जरा जवळ पडली. मी पाहिलं. मला कळलं. आणि मी गप्प बसलो. का? रिग थांबवायला सांगितलं आणि काही निघालं नाही तर? वर्मासाहेब म्हणतील, भटू म्हातारा झाला. पुढच्या ठेक्यात नाव राहील का? एवढा विचार डोक्यात येऊन गेला, तेवढ्यात आणखी पाच पाइप बाहेर.

नववी खूण आणखी जवळ पडली. शिडीवरून एस्तेरचा आवाज आला, “काका, रेघा चिकटल्या! विहीर घेत नाहीये. थांबवा ना!”

ती पोरगी ओरडली म्हणून मी ओरडलो. हे खरं आहे, आणि मला लिहायला लाज वाटते. मी हात आडवे करून ड्रिलरकडे पळालो. त्यानं पाइप थांबवला, पंप बंद केला. सगळे वाकून विहिरीच्या तोंडाकडे बघत होते. पंप बंद, तरी मड आपोआप बाहेर येत होतं. शांतपणे, दूध उतू जाण्याआधी फुगतं तसं. ड्रिलरनं झडप बंद केली. ही झडप म्हणजे विहिरीच्या तोंडावरचं टनावारी लोखंड. ती वेळेत बंद झाली तर सगळे वाचतात. ती वेळेत बंद झाली. संध्याकाळपर्यंत जड मड फिरवून वायू हळूहळू बाहेर काढला. कुणाला खरचटलंही नाही.

मला वाटलं, एस्तेरला शाबासकी मिळेल. इतकी वर्षं नोकरी करूनही मला असं वाटलं!

तिसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून चौकशीचे साहेब आले. प्रश्न साधा होता: विहीर मड कमी घेत होती, तर शीटवर सगळं बरोबर कसं? शीट कुणी भरली? खाली सही एस्तेरची. वर्मासाहेब म्हणाले, ट्रेनीनं केबिनमध्ये बसून भरली. झालं. सगळ्यांची सोय झाली. ठेकेदाराचं नाव राहिलं, वर्मासाहेबांची होऊ घातलेली बढती राहिली, आणि दोषी म्हणून नवापूरच्या डोंगरातली पोरगी मिळाली, जिच्या मागे विचारायला येणारं कुणी नाही. ट्रेनिंग रद्द करायचं आणि कागदावर शेरा मारायचा, असं ठरत होतं. असा शेरा पडला की कुठलीच रिग उभं करत नाही.

चौकशीत मला दुसऱ्या दिवशी बोलावलं होतं. संध्याकाळी वर्मासाहेब माझ्या खोलीवर आले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. खाटेवर बसले आणि म्हणाले, “भटू, तू बस इतना बोल कि तुझे कुछ याद नहीं. मेरे रिटायरमेंट को दो साल बचे हैं.” मी पाणी दिलं. ते गेले. मी घरी फोन लावला.

बायको सगळं ऐकून म्हणाली, “साहेबना उपकार शेतस, ते खरं शे. पन त्या पोरना बापले ‘धाडी द्या’ म्हनीसन कोन सांगं? तूच ना? मंग आते काब्रं मांगे सरकी ऱ्हायना?”

“नोकरी जाई मन्ही.”

“जाऊ दे. घर ये. मिरची तोडाले माणसे भेटतस नही.”

मी हसलो. फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सगळं सांगितलं. शीट आधी भरलेली होती, सही नंतर घेतली. मी आठव्या खुणेला गप्प बसलो, तेही सांगितलं. पुरावा म्हणून फळी काढून आणली होती. खडू पावडरसारखा उडू नये म्हणून मी ती बाळाला धरतात तशी धरून आणली. चौकशीच्या साहेबांनी ती टेबलावर ठेवली, बोटानं रेघा मोजल्या.

“पंचेचाळीस पाइप निकले. पाँच-पाँच के नौ होने चाहिए. यहाँ आठ लाइनें हैं.” मग वर्मासाहेबांकडे बघून हसले. “आदमी एक गिनती भूल गया, और इसके भरोसे हम रिपोर्ट लिखें? पढ़ा कितना है ये?”

“आठवीं,” वर्मासाहेब म्हणाले.

मी फळीकडे बघत होतो आणि मला सांगता येत नव्हतं. मला वाटायचं, ते सगळ्यांना कळतं! सांगावं लागेल हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

एस्तेर भिंतीजवळ उभी होती. ती पुढे आली. “सर, पहली गिनती ये है.” तिनं रेघांच्या आधी असलेल्या खडूच्या गोल टिकलीवर बोट ठेवलं.

आमच्याकडे खळ्यावर दाणा डब्यानं मोजतात. पहिल्या डब्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. तो लक्ष्मीचा. भिंतीवर त्याची रेघ ओढत नाहीत, कुंकवाची टिकली लावतात. रेघा दुसऱ्या डब्यापासून. मी रिगवर पहिल्या दिवसापासून तसंच मोजत आलो, हात दुसरं काही करतच नाही. एस्तेरला ते माहीत होतं, कारण आमच्या खळ्यावर डबा भरणारे याकूबभाई असायचे, आणि टिकली लावायचा हट्ट धरून बसलेली पोरगी तीच.

तिनं ते साहेबांना हिंदीत सांगितलं. मग खिशातली वही काढली. दोन महिन्यांच्या खुणा, तारखेसह, दर खेपेला टिकली आणि रेघा, शेजारी तिनं स्वतः काढलेलं गणित. मागच्या शीटमधले आकडे त्या गणिताशी जुळत होते. या खेपेचे जुळत नव्हते. साहेब बराच वेळ पानं उलटत राहिले. वर्मासाहेब खिडकीबाहेर बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना, आणि दुसरीकडेही बघवेना.

तरी लढाई संपली नव्हती. माझा जबाब इंग्रजीत टाइप होऊन सहीला आला. मी पेन उचललं होतं. एस्तेरनं कागद ओढून घेतला आणि वाचून दाखवला. त्यात होतं की कामगाराला नीट आठवत नाही, खुणा अंदाजानं केल्या. मी सही केली नाही. म्हटलं, मराठीत लिहितो. साहेब म्हणाले, “ये पढ़ेगा कौन?” एस्तेर म्हणाली, “मैं पढ़कर सुनाती हूँ, आप किसी और से जँचवा लीजिए.” आठवीनंतर मी पहिल्यांदा अडीच पानं लिहिली. हात दुखला.

शेवटी कुणालाच दोषी धरलं नाही. ‘कार्यपद्धतीतील त्रुटी’ असं काहीतरी लिहून फाइल बंद. वर्मासाहेब दुसऱ्या रिगवर गेले, वरच्या पदावर. जाताना त्यांनी सगळ्यांशी हात मिळवले, माझ्याशी नाही. ज्या माणसानं मला माणसात आणलं त्याच्याविरुद्ध मी लिहिलं, हे मला अजूनही सरळ गिळता येत नाही. आणि त्यांनी त्या पोरीचं जे चालवलं होतं, तेही गिळता येत नाही.

एस्तेरवरचा शेरा टळला, आणि वर्मासाहेबांच्या जागी आलेल्या साहेबांनी तिला टाकीवर काम दिलं. वर्ष संपलं तेव्हा तिला दाखला मिळाला. त्यात लिहिलं होतं, ‘कार्यालयीन काम, एक वर्ष’. त्या दाखल्यावर परीक्षेला बसता येत नाही. तिनं तो टेबलावर परत ठेवला.

“मी शेवटचे चार महिने टाकीवर होते. मडचं वजन रोज मी घेतलं. तसं लिहून द्या.”

कारकून म्हणाला, फॉर्म असाच असतो. ती कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. मी टाकीवरून तिला बघायचो आणि माझा जीव वरखाली व्हायचा. पाचव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो आणि समजावलं, “पोरी, जे देतात ते घे. निदान काहीतरी तर दिलं. उगा चिडले तर तेही काढून घेतील.”

तिनं भाकरी मोडली. “काका, तुम्ही घेतला असता ना?”

“घेतला असता.”

“म्हणून तुम्ही टाकीवर आहात.”

ती रागानं बोलली नाही. त्यामुळे जास्त लागलं. मी डबा तिथेच ठेवून परत गेलो.

बाराव्या दिवशी नवा दाखला तयार झाला. कार्यालयाचे मोठे साहेब स्वतः बाहेर आले आणि तिच्या हातात कागद देऊन थांबले, कुणी आभार मानील म्हणून माणूस थांबतो तसे. मी पायरीवर उभा होतो. माझे हात आपोआप जोडले गेले होते. तिनं कागद उन्हात धरला, पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत वाचला, मग पुन्हा वरून वाचला. एका तारखेवर बोट ठेवून म्हणाली, “सर, यहाँ महीना ग़लत है.”

साहेब चष्मा लावायला आत गेले. ती दारात उभी राहिली. मी माझे हात खाली घेतले.